नवऱ्यांना बाहेर पाठवणाऱ्या मेश्राम सिस्टर

मेश्राम सिस्टर नवऱ्यांना बाहेर काढायच्या. बाईची शुगर तपासून झाली, वजन झालं, पावलं बघून झाली, की त्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "भैया, सामने टपरी पे चाय बहुत बढ़िया मिलती है. पीकर आओ." चहा झालाय असं कुणी म्हटलंच, तर, "फिर से पी लो, इतनी जल्दी क्या है?" नवरा बाहेर पडला की दार लोटायच्या, खुर्ची पुढे ओढायच्या आणि बाईच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारायच्या, "आता सांग. नवराबायकोचं कसं चालू आहे? जवळ येता का? दुखते का? खाज, आग, काही?"

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच खोलीत टेबलाशी बसून औषधं लिहीत होतो. माझं पेन थांबलं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्हीबी जा चहा प्यायले."

रायपूरच्या गुढियारी भागातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात माझी ती पहिली नोकरी होती. मी मूळ वर्ध्याचा, वय अठ्ठावीस. दर मंगळवारी शुगरचा दिवस असायचा. हमाल, गोदामातले कारकून, रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं आणि त्यांच्या बायका सकाळी आठपासून रांग लावायच्या. त्या रांगेसमोर मेश्राम सिस्टर सगळ्यात आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचून स्वतःची शुगर मोजायच्या आणि आकडा मोठ्यानं सांगायच्या. आकडा जास्त आला तर रांगेतल्या बायका ओरडायच्या, "क्या खाया कल, दीदी?" आणि त्या खाली मान घालून कबूल करायच्या, "हव, आंबा खाया. पूरा खाया."

त्या भंडाऱ्याकडच्या. नवरा रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता म्हणून लग्नानंतर रायपूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. मी भेटलो तेव्हा पंचावन्नच्या पुढे होत्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, पायात कायम जाड मोजे आणि बंद बूट. उन्हाळ्यातही. शुगरवाल्यानं अनवाणी चालायचं नाही, हे त्या आधी स्वतः पाळायच्या आणि मग दुसऱ्याला सांगायच्या. बोलणं नागपुरी, पण रोगी समोर आला की त्याची भाषा. मारवाड्याशी हिंदी, पाऱ्यातल्या, म्हणजे आसपासच्या वस्तीतल्या, बाईशी छत्तीसगढी. "भाषा समजली नाही तर माणूस लाजते," असं त्यांचं म्हणणं होतं. "अन् लाजलं की खोटं सांगते. मग तुमची गोळी काय करन?"

पहिले काही महिने मी टपरीवर नवऱ्यांबरोबर बसलो. सगळे कपात बघत बसायचे. मला मनातून वाटायचं की ही बाई उगाच चौकशा करते. शुगर तपासावी, औषध द्यावं, डोळे, मूत्रपिंड, पाय बघावेत. बाकीचं लोकांच्या घरातलं. मी हे एकदा बोलूनही दाखवलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, शुगर काही रक्तात गुपचूप बसून नाही राहत. ती घरभर फिरते. तुम्ही पायापर्यंत गेले, चांगलं केलं. मधली बाई कुठं गेली?"

मला हसू आलं आणि मी विषय सोडून दिला. तो सोडायला नको होता.

शोभा वानखेडे आमच्याकडे दोन वर्षांपासून येत होती. चाळिशीला आलेली, घरी डबे करून देणारी, कामाची बाई. तिचा नवरा दिलीप मालधक्क्याजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होता. शोभाची शुगर काही केल्या उतरत नव्हती, म्हणून मी तिला एक नवी गोळी सुरू केली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. चांगली गोळी. तिचा आकडा महिन्याभरात खाली आला आणि मी खूश झालो. तो महिनाभर सिस्टर रजेवर होत्या. पुढच्या दोन्ही खेपांना दिलीपच एकटा येऊन गोळ्या घेऊन गेला. मग तोही येईनासा झाला.

सिस्टरांना रांगेत कोण नाही हे लगेच कळायचं. त्यांनी शोभाचं कार्ड काढलं, ते वाचलं आणि मला विचारलं, "ही गोळी देताना तिले काय सांगितलं?"

"सकाळी एक घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं."

"अजून?"

मी कार्डाकडे पाहिलं. अजून काय सांगायचं होतं ते मला माहीत होतं. लघवीत साखर जाते म्हणून त्या जागी बुरशी धरू शकते, खाज येते, आग होते, स्वच्छता ठेवायची आणि त्रास झाला तर लगेच यायचं. पुस्तकात ते वाक्य होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. समोर बसलेल्या बाईला सांगताना मात्र माझी जीभ उचलली नव्हती.

त्याच संध्याकाळी सिस्टर शोभाच्या घरी गेल्या. सासूनं दारातूनच सांगितलं, "मायके गई है." एवढंच. पण सांगताना तिनं तोंड असं काही केलं की सिस्टरांना पुढचं कळलं. रविवारी त्या गाडीनं दुर्गला, शोभाच्या माहेरगावी, गेल्या, तिच्या भावाचं घर शोधलं आणि मंगळवारी तिला दवाखान्यात घेऊन आल्या. मी सवयीनं उठून टपरीकडे निघालो, तर म्हणाल्या, "बसा. आज तुमचं काम आहे."

शोभा फरशीकडे बघत बोलत होती. "आधी खाज सुटली. मग आग. अंगावरून पांढरं जाये, दह्यासारखं. मले वाटलं, उन्हाळ्याचं असन. हे जवळ आले की मी भिंतीकडे तोंड करून निजून जाऊ. दुखे ना फार. दोन महिने असं झाल्यावर ह्यांनी विचारलं, ही बीमारी कोनाकडून आनली? सासूनं माझं ताट वेगळं केलं. मी काय सांगू? मले तरी काय माहीत होतं?" मग म्हणाली, "गोळी मात्र चुकवली नाही साहेब. एक दिवस नाही."

ते शेवटचं वाक्य माझ्या अजून कानात आहे. मी तिला सांगितलं की हे कुणाकडून आलेलं नाही. शुगरमुळे होतं, या गोळीनं वाढतं, आणि पंधरा दिवसांत बरं होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "पंधरा दिवसांत?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

ती भावाकडे परत गेल्यावर मी सिस्टरांना म्हणालो, "मला संकोच वाटला होता."

"संकोच तुमचा, अन् घराबाहेर गेली ती," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मग माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून म्हणाल्या, "गोळी बरोबर दिली होती तुम्ही. तोंड बंद ठेवलं तेवढं चुकलं. आता तिच्या नवऱ्याले बोलवू. अन् बोलायचं तुम्ही. मी नाही."

दिलीप आला. त्या दिवशी सिस्टरांनी त्याला बाहेर पाठवलं नाही. चहाच आत मागवला. दिलीपसारखी इथली मराठी माणसं मराठीत सुरुवात करतात आणि अवघड जागा आली की हिंदीत शिरतात. मी त्याला सगळं समजावलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. तो कप हातात धरून बसला.

"मतलब... हिला कुणाकडून नाही?"

"कुणाकडून नाही."

"पन मी तर आईसमोर बोललो, साहेब. सबके सामने बोल दिया."

त्यानं कप टेबलावर ठेवला. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "मेरे को भी खुजली है. वो भी इसी से?"

"अरे मग आधी तेच नाही का सांगायचं, पोट्ट्या!" सिस्टर एकदम ओरडल्या, आणि दिलीपसुद्धा हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याला मलम दिलं; तिचं औषध आधीच बदललं होतं. तो उठायला लागला तेव्हा सिस्टरांनी त्याला पुन्हा बसवलं. "ऐका. हे घरी जाऊन आईले तुम्ही सांगायचं. शोभानं नाही. जिथं बोलले तिथंच सांगायचं, तेवढ्याच लोकांसमोर. मग दुर्गले जायचं तिले आनायले."

त्यानं मान हलवली. तो सांगेल याची मला खात्री नव्हती.

त्या संध्याकाळी दवाखाना बंद करताना मी सिस्टरांना विचारलं की हे सगळं त्या कधीपासून आणि कशासाठी विचारायला लागल्या. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"मले चव्वेचाळीसव्या वर्षी शुगर निघाली. मी नर्स. मले वाटे, मले सगळं माहीत आहे. दोन वर्षांनी असं झालं की आमचे हे जवळ आले की मले काहीच वाटेना. कोरडं लाकूड. अन् दुखे. मी मनात म्हटलं, झालं, वय झालं आपलं. ह्यांना काय सांगू? पाठीचं दुखणं काढलं अन् पोरीच्या खोलीत खाट टाकली. सात वर्षं, डॉक्टरसाहेब. भांडण नाही, काही नाही. जेवायले वाढे, डबा देये, ताप आला तर उशाशी बसे. खाट मात्र तिकडं."

"त्यांनी विचारलं नाही?"

"ते काय विचारतीन! गार्ड मानूस. मालगाडीच्या मागच्या डब्यात एकटं बसून आयुष्य गेलं त्यांचं." त्या हसल्या. "मग नर्सांसाठी एक शिबिर होतं. तिथं एक बाईडॉक्टर आल्या. बोलता बोलता दोन वाक्यं बोलून गेल्या. शुगरनं बाईच्या तिथल्या नसा सुस्त होतात, ओल कमी होते, इच्छा कमी होते, अन् ह्याले उपाय आहेत. दोन वाक्यं. अन् पुढं किडनीवर गेल्या. मी तिथंच तोंडाले पदर लावला. आजूबाजूच्या मुली म्हने, मॅडम, काहून रडून राहिल्या?

"घरी आली तर हे भाजी निवडत बसले होते. मी बूटबी काढले नाही. तशीच समोर बसली अन् सांगून टाकलं. ह्यांनी पालकाची जुडी खाली ठेवली अन् म्हने, सुमन, मले वाटे मीच तुले आवडेनासा झालो. अन् मग मले समजलं की ह्या मानसानं मधल्या काळात केस काळे करायले काहून सुरू केलं होतं. नवे दात काहून बसवले होते. मी आपली समजे, निवृत्तीची हौस आहे."

हे सांगताना त्या खळखळून हसल्या, मग चष्मा काढून पुसला. "उपाय केले. कोरडेपनासाठी जेल आनली, बाईडॉक्टरनं मलम लिहून दिलं, शुगर खाली आनली. पहिल्यासारखं पूर्ण नाही झालं. पन खाट परत आली. ती सात वर्षं मात्र गेली. दोघांच्या चांगुलपनात गेली. म्हनून विचारते मी. लोकांले वाटते बाई चावट आहे. वाटू द्या."

दिलीपनं सांगितलं. आईसमोर आणि शेजारच्या दोन घरांसमोर. शोभा परत आली. तिची खाज पंधरा दिवसांत गेली. मनातली भीती जायला मात्र वर्ष लागलं. ती दर महिन्याला यायची आणि सिस्टर दार लोटून तिच्याशी बोलायच्या. कधी दिलीपलाही आत घ्यायच्या. "घाई करू नका," एवढं एकदा मला बाहेर ऐकू आलं. "बसा, बोला, हात धरा. तेवढंबी पुष्कळ आहे." त्यानंतर सिस्टर मला आत बसवायला लागल्या. बाईची हरकत नसेल तरच. मी हळूहळू विचारायला शिकलो. सुरुवातीला माझे कान लाल व्हायचे. सिस्टर नंतर म्हणायच्या, "लाल होऊ द्या. तिले समजते मग, की ह्यालेबी सोपं नाही."

हे सगळं चालू असताना मला माझ्या आईची आठवण येऊ लागली होती. आईला पंधरा वर्षांपासून शुगर. मी कॉलेजात असल्यापासून बाबा पुढच्या खोलीत झोपत. बाबा घोरतात म्हणून, असं आम्हा भावंडांना वाटायचं. आम्ही त्यावर विनोदही करायचो. बाबा घोरत नाहीत हे मला कितीतरी उशिरा लक्षात आलं. पण मुलगा आईला काय विचारणार? डॉक्टर असला तरी. आई डोळे तपासून घ्यायला माझ्याकडे आठ दिवस रायपूरला आली, तेव्हा मी रजिस्टरमध्ये बघत बघत सिस्टरांना एवढंच म्हणालो, "माझ्या आईशी बोलाल का?"

कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. "शनिवारी घेऊन या जेवायले," त्या म्हणाल्या.

शनिवारी जेवण झाल्यावर सिस्टर आईला गच्चीवर घेऊन गेल्या. मी आणि त्यांचे यजमान अशोकराव खाली बसलो. अशोकराव काळ्याभोर केसांचे, फार थोडं बोलणारे. तासाभरात आम्ही दोघांनी मिळून क्रिकेटवर चार वाक्यं केली असतील. दोघी खाली आल्या तेव्हा आईचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. स्कूटरवर माझ्यामागे बसून घरी जाताना म्हणाली, "तुझी सिस्टर फार बोलते बाबा." चौक आला. मग म्हणाली, "चांगलं बोलते."

पुढे मला नवा रायपूरला एका मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली. सिस्टर निवृत्त झाल्या. दवाखान्याच्या निरोप समारंभात भाषण करायला उभ्या राहिल्या आणि दोन मिनिटं मोज्यांवरच बोलल्या. नायलॉनचे घ्यायचे नाहीत, सुती घ्यायचे, रोज बदलायचे. मग "बस, हो गया" म्हणून बसल्या. मी महिन्या दोन महिन्यांनी फोन करायचो. कधी गेलो की आता कोणती नवी गोळी आली आणि ती देताना मी काय काय सांगतो, याची तोंडी परीक्षा व्हायची. मी नापासही व्हायचो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अशोकरावांचा फोन आला. "डॉक्टर, सुमन गेली." झोपेतच हृदय थांबलं होतं. शुगरमध्ये असं होतं, कधी कधी दुखणं जाणवतही नाही, हे मी कितीतरी नातेवाइकांना समजावून सांगितलं आहे. त्या सकाळी मी फक्त "आलो" म्हणालो.

दुपारी सगळं आटोपून आल्यावर आईला कळवलं. वाटलं, एकदाच तर भेटली होती, हळहळेल. पलीकडे इतका वेळ शांतता झाली की फोन कटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"परवा तर बोलली माझ्याशी," आई म्हणाली.

"परवा?"

"दर रविवारी फोन यायचा तिचा. तीन वर्षं झाली." आईचा आवाज फाटला. "तुला काय माहीत, किती बोलायचो आम्ही."

"कशाबद्दल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते तुला सांगायचं नाही. तू मुलगा आहेस." मग ती रडू लागली आणि फोन बाबांनी घेतला. बाबांनी कार्यक्रम कधी आहे, गाडी कोणती सोयीची, एवढंच विचारलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणविधीच्या, दिवशी दोघं सकाळच्या गाडीनं आले. आईला गर्दीत चालवत नाही म्हणून बाबांनी स्टेशनपासून तिचा दंड धरला होता. गुढियारीतल्या त्या घरात बुद्धवंदना झाली, लोक फुलं वाहून बसले. शोभा आणि दिलीप आले होते. पाऱ्यातल्या कितीतरी बाया आल्या होत्या. त्यांना अशोकराव ओळखत नव्हते. प्रत्येकीला ते हात जोडत आणि विचारत, आपण तिला कुठं भेटलात? बाया "दवाखाने में" म्हणून पुढे सरकत.

आईबाबा समोर आले तेव्हाही त्यांनी हात जोडले. आईला एकदाच पाहिलेलं, त्यामुळे आठवलं नसावं. म्हणाले, "ती आपल्या ओळखीची का?"

आईनं डोळ्यांना पदर लावला. मी काही म्हणणार तेवढ्यात बाबा पुढे झाले. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात चार लोकांत कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही, त्यांनी अशोकरावांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि म्हणाले, "आमच्या दोघांच्याही."